महासाथीतले विनोद : कोण हसले आणि कशाला?

२० फेब्रुवारी २०२० रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी एक छोटी प्रार्थनासभा झाली. केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले, चीनचे मुंबईतील महावाणिज्यदूत आणि काही बौद्ध भिक्खू तिला हजर होते. चीनमधली साथ ओसरावी अशी प्रार्थना झाली आणि तिच्या ओघात ‘गो कोरोना, कोरोना गो’ ही घोषणा दिली गेली. त्या दिवसापर्यंत भारतात केरळमधले अवघे तीन रुग्ण नोंदले गेले होते. मार्चमध्ये साथ आपल्या दारात आली, तेव्हा त्या सभेची चित्रफीत मोबाइलवरून घरोघर पोचली. घोषणेला चाली लागल्या, तिच्यावर नाच बसवले गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये खुद्द आठवले यांनाच संसर्ग झाला, तेव्हा हशाची दुसरी लाट आली. डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार सापडल्यावर त्यांनी ‘नो कोरोना, कोरोना नो’ अशी सुधारित घोषणा दिली आणि तिसरी लाटही आली.

महासाथीच्या दोन वर्षांत पुढाऱ्यांवर आणि सरकारी निर्णयांवर जे विनोद झाले, त्यांचा विचार एखाद्या वाङ्मयप्रकाराचा करावा तसा येथे करण्याचा आमचा इरादा आहे. विज्ञानाच्या मासिकात विनोदाची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. २०२० साली नववी-दहावीत असलेल्या मुलांनी विषाणू, संसर्ग, लस यांचे पहिले धडे पाठ्यपुस्तकातून घेतले नाहीत. शाळा बंद होत्या. ते धडे त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशांतून घेतले, आणि त्या संदेशांत निम्मे विनोद होते. मग त्या विनोदांत विज्ञान किती होते, हे तपासायला नको काय?

आठवले यांच्या घोषणेपासूनच सुरुवात करू. तिच्यात शास्त्रीय चूक कोणती? आमच्या मते, एकही नाही. घोषणा ही इच्छा आहे, विधान नव्हे. ‘या घोषणेने विषाणू मरतो’ असे कोणी म्हटले असते तर ते खोडून काढता आले असते. ‘जा’ म्हणणे खोडून कसे काढणार? साथीच्या काळात देवीला गाऱ्हाणे घालणारी आपली आजी हेच करत होती आणि तिला कोणी हसत नसे. मंत्र्याला हसणे मात्र फुकट होते. त्यासाठी काही शिकावे लागत नव्हते आणि स्वतःचे काही सोडावेही लागत नव्हते. महासाथीतला सर्वांत गाजलेला विनोद हा सर्वांत स्वस्तही होता, हे समीक्षकाने नोंदवायलाच हवे.

याच्या नेमके उलट उदाहरण २२ मार्च २०२० चे. त्या दिवशीच्या ‘जनता कर्फ्यू’त सायंकाळी पाच वाजता आरोग्यसेवकांचे आभार मानण्यासाठी टाळ्या-थाळ्या वाजवा, असे पंतप्रधानांचे आवाहन होते. आवाहनात शास्त्रीय दावा नव्हता. दावा आला तो खालून, लोकांमधून : विषाणूचे आयुष्य एका जागी बारा तास असते, कर्फ्यू चौदा तासांचा आहे, म्हणून साखळी आपोआप तुटेल. शिवाय थाळ्यांच्या कंपनांनी विषाणू दुबळा होतो, हे उपग्रहाने टिपल्याचेही सांगितले गेले. थाळ्यांवर पुष्कळ विनोद झाले. फुटलेल्या पराती, वाकलेली उलथणी, मिरवणुकीने रस्त्यावर आलेले शेजारी. पण बारा आणि चौदा तासांच्या गणितावर नेमके बोट ठेवणारा विनोद आम्हाला आढळला नाही, आणि खरी मेजवानी तर तिथे होती.

ते गणित वर्गात जरूर करून पाहावे. याच सुमारास, १७ मार्च २०२० रोजी, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने या विषाणूच्या टिकाऊपणाची प्रयोगशाळेतली मोजमापे प्रसिद्ध केली होती. प्लॅस्टिकवर तो सुमारे ७२ तासांपर्यंत सापडला, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर सापडला नाही, तांब्यावर चार तासांनंतर सापडला नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, विषाणूला माणसासारखे ‘आयुष्य’ नसते. तो किरणोत्सारी पदार्थासारखा अर्ध-आयुष्याच्या हिशेबाने घटतो. पोलादावर त्याचे अर्ध-आयुष्य साधारण ५.६ तास भरले, प्लॅस्टिकवर ६.८ तास. म्हणजे चौदा तासांनी पोलादाच्या कडीवर मूळच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतका विषाणू उरतो आणि प्लॅस्टिकच्या बादलीवर जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतका. बाराव्या तासाला घंटा वाजते आणि सगळे विषाणू एकदम प्राण सोडतात, असे काही होत नाही. याहूनही मोठी गोम पुढे आहे. विषाणूचे मुख्य वसतिस्थान कडी किंवा बादली हे नव्हतेच, ते होते माणसाचे श्वसनमार्ग. तिथे तो कित्येक दिवस मुक्काम करतो आणि कर्फ्यू लावून तो घरातच कोंडला जातो, इतर चार जणांबरोबर.

पंतप्रधानांच्या आणखी एका वाक्यावर पुढे बरेच हसू उसळले. २५ मार्चला वाराणसीच्या नागरिकांशी बोलताना ते म्हणाले होते की, महाभारताचे युद्ध १८ दिवसांत जिंकले गेले, हे युद्ध २१ दिवसांत जिंकायचे आहे. टाळेबंदी चार टप्प्यांत ३१ मेपर्यंत, म्हणजे ६८ दिवस चालली आणि विनोदकारांनी प्रत्येक टप्प्याला महाभारताचे नवे पर्व जोडले. हा विनोद आम्ही बऱ्यापैकी वरच्या दर्जाचा मानतो, कारण त्याचा रोख खऱ्या चुकीवर होता. टाळेबंदीने साथीचा वेग मंदावतो, दवाखान्यांना तयारीला वेळ मिळतो, पण साथ संपत नाही. युद्धाच्या रूपकात शेवटचा दिवस असतो, साथीच्या आलेखाला तो नसतो.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या महानगरपालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ अशी संचारबंदी लागली. २२ डिसेंबर ते ५ जानेवारी ही तिची मुदत. विषाणू रात्रपाळीला असतो, असा विनोद लगेच जन्माला आला. एप्रिल २०२१ मध्ये शुक्रवार रात्री आठ ते सोमवार सकाळी सात अशी टाळेबंदी आली, तेव्हा विषाणू सोमवार ते शुक्रवार रजेवर गेला. ऐकायला गंमत वाटते. पण या विनोदाला आम्ही उत्तीर्णही करणार नाही आणि नापासही. रात्रीची बंदी विषाणूच्या सवयींवर नव्हती, माणसांच्या सवयींवर होती. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या मेजवान्या बंद दालनांत, दाटीवाटीने, मोठ्याने गात-बोलत होतात आणि हवेतून पसरणाऱ्या रोगाला यापेक्षा चांगली सोय नाही. तेव्हा बंदीमागे तर्क होता. मात्र तो तर्क खरोखर लागू पडला की नाही, रात्रीची गर्दी दिवसा सरकली काय, हे मोजून लोकांसमोर कोणी मांडले? विनोदाने हा दुसरा प्रश्न विचारला असता, तर तो टोकदार झाला असता. त्याऐवजी त्याने विषाणूला घड्याळ बांधले आणि ऐकणाऱ्याच्या मनात एवढेच राहिले की, नियम करणारे मूर्ख आहेत. अशा रीतीने मुखपट्टीचा नियमही त्याच टोपलीत गेला.

आता, ज्यावर हसू आले नाही त्याकडे वळू. आयुष मंत्रालयाने जानेवारी २०२० च्या अखेरीस प्रतिबंधक म्हणून ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ हे होमिओपॅथिक औषध तीन दिवस अनशापोटी घेण्याचा सल्ला दिला. आपल्या ग्रामविकास खात्याने त्याच वर्षी ते ग्रामीण भागात मोफत वाटण्याचे ठरवले. शहरांत नगरसेवक, मंडळे, सोसायट्या यांनी ते वाटले. शिक्षकांनीही वाटले. ‘३०’ चा अर्थ असा की, मूळ पदार्थ शंभरपट विरळ करण्याची क्रिया तीस वेळा केलेली आहे. म्हणजे विरलन १० च्या साठाव्या घाताइतके. ॲव्होगॅड्रोची संख्या दहावीच्या मुलालाही ठाऊक असते, ६.०२२ गुणिले १० चा तेविसावा घात. पाण्याच्या हिशेबाने ढोबळ गणित केले, तर या विरलनात मूळ पदार्थाचा एक रेणू मिळण्यासाठी पृथ्वीच्या वस्तुमानाच्या सुमारे पाच अब्ज पट द्रावण प्यावे लागेल. तीन दिवसांत, अनशापोटी!

याहून विनोदी काय असू शकते? पण त्या उन्हाळ्यात आठवल्यांची चित्रफीत पुढे पाठवणाऱ्या घरांत या साबुदाण्यासारख्या गोळ्यांची बाटली देवघराशेजारी उभी होती आणि तिच्यावर कोणी हसत नव्हते. पुढाऱ्याचा अडाणीपणा दिसतो, आपला दिसत नाही, एवढेच म्हणून हे प्रकरण मिटत नाही. या गोळ्या घेतलेला माणूस ‘आता मला काही होत नाही’ अशा समजुतीने बाजारात गेला असेल, तर घोषणेपेक्षा गोळी अधिक धोक्याची होती. काळ्या विनोदाची खरी कसोटी ही की, तो सांगणाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरतो की नाही.

पापडाची गोष्टही याच जातीची, पण तिच्यातली तर्काची चूक वेगळी आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय राज्यमंत्री अर्जुन राम मेघवाल यांनी एका पापडाची जाहिरात करताना, तो खाल्ल्याने कोरोनाशी लढणारी प्रतिपिंडे तयार व्हायला मदत होईल, असे सांगितले. हे मात्र विधान होते, आणि खोटे विधान होते. ऑगस्टमध्ये मेघवाल यांना संसर्ग झाला आणि देशभर टाळ्या पडल्या. ‘बघा, पापडाचा उपयोग झाला नाही.’ थांबा. मेघवाल आजारी पडले नसते, तर पापड गुणकारी ठरला असता काय? एका माणसाच्या अनुभवावरून औषधाची परीक्षा करू नये, असे आपण वर्गात सांगतो. काढा घेऊन बरा झालेला शेजारी हा पुरावा नसेल, तर पापड खाऊन आजारी पडलेला मंत्रीही पुरावा नाही. पापडावरचा दावा आधीच निकालात निघत होता, कारण त्याच्या बाजूने एकही नियंत्रित चाचणी नव्हती. मंत्र्याच्या आजाराची वाट पाहण्याचे कारण नव्हते. शिवाय कोणाच्या आजारपणावर हसणे ही गोष्ट, सभ्यता बाजूला ठेवली तरी, आपल्या युक्तिवादाची उणीव झाकण्यासाठीच बहुधा केली जाते.

आमच्या शहरावर, तेव्हाच्या औरंगाबादवर आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरावर, येण्यापूर्वी परदेशातल्या एका विनोदाचा उल्लेख करतो. सप्टेंबर २०२० मध्ये इग नोबेल पुरस्कारांच्या मंडळाने वैद्यकीय शिक्षणाचा पुरस्कार एकदम नऊ राष्ट्रप्रमुखांना दिला. ब्राझीलचे बोल्सोनारो, ब्रिटनचे जॉन्सन, भारताचे मोदी, मेक्सिकोचे लोपेझ ओब्रादोर, बेलारूसचे लुकाशेन्को, अमेरिकेचे ट्रम्प, तुर्कस्तानचे एर्दोगान, रशियाचे पुतिन, तुर्कमेनिस्तानचे बेर्दीमुहामेदोव. कारण असे दिले की, जीवनमरणावर शास्त्रज्ञ-डॉक्टरांपेक्षा राजकारण्यांचा परिणाम अधिक तत्काळ होऊ शकतो, हे त्यांनी जगाला शिकवले. एका ओळीचा हा विनोद वाचून हसू येते आणि मग येत नाही.

हसू न येण्याची वेळ आपल्याकडे त्याआधीच आली होती. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाड या स्थानकांदरम्यान रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारे हे मध्य प्रदेशातले मजूर श्रमिक गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. त्यानंतर ‘रुळावर का कोणी झोपते?’ हा उपरोधिक प्रश्न आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला. १५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयातही सुनावणीच्या वेळी, लोक रुळांवर झोपले तर ते कोण कसे थांबवणार, असे पीठाने विचारले.

प्रश्नाला उत्तर आहे आणि ते अवघड नाही. प्रवासी गाड्या मार्चपासून बंद होत्या, म्हणून रूळ रिकामे असतील असे त्यांनी गृहीत धरले. मालगाड्या चालू आहेत, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. सुमारे चाळीस किलोमीटर चालल्यावर माणसाला झोप नुसती येत नाही, ती त्याला पाडते. चालकाने माणसे पाहिली आणि गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि मालगाडी दिसल्याबरोबर थांबत नाही. ‘घरीच थांबा’ या आदेशावरचे सगळे विनोद, घरबसल्या कंटाळ्याचे, भांडी घासणाऱ्या नवऱ्यांचे, दाढी वाढल्याचे, ज्यांना घर होते त्यांनी केलेले होते. या सोळा जणांचा घराकडचा रस्ता त्या विनोदांत कुठेच नव्हता. टीका करायची तर या अनुपस्थितीवर करायला हवी.

काही विनोद तर अनुपस्थितीपेक्षाही वाईट होते. मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीतल्या तबलिगी मेळाव्यानंतर एका समाजाला विषाणूचा समानार्थी शब्द करणारी चित्रे आणि कोट्या आपल्या शिक्षकांच्या गटांतही फिरल्या. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने (न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. शेवलीकर) २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि साथीच्या वेळी सरकार बळीचा बकरा शोधते, या परदेशी लोकांची निवड त्यासाठी झाली असण्याचा संभव आहे, असे निकालात नोंदवले. कोट्या पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी निकालही पुढे पाठवला?

३० मार्च २०२१ चा प्रसंग तर कोणा लेखकाला सुचला नसता. त्या मध्यरात्रीपासून जिल्ह्यात लागणारी टाळेबंदी आयत्या वेळी स्थगित झाली आणि टाळेबंदीला विरोध करणारे खासदार इम्तियाज जलील यांना समर्थकांनी खांद्यावर घेऊन जल्लोष केला. मुखपट्ट्या नव्हत्या, अंतर नव्हते. गुन्हा दाखल झाला. टाळेबंदीला केलेला विरोध रास्त असू शकतो, हातावर पोट असणाऱ्यांच्या बाजूने तो होता. पण विरोध टाळेबंदीला होता, संसर्गाच्या नियमाला नव्हे, आणि निसर्गाच्या नियमाला स्थगिती मिळत नाही.

पुढच्याच महिन्यात लाट टोकाला गेली. पीएम केअर्स निधीतून घाटी रुग्णालयाला मिळालेल्या १५० श्वसनयंत्रांपैकी वापरात आणलेली ११३ सदोष असल्याचे आणि ३७ खोकी उघडलेलीच नसल्याचे मे २०२१ मध्ये खंडपीठापुढे आले. केंद्राने यंत्रे चांगली आहेत, कर्मचाऱ्यांना चालवता येत नाहीत, असा पवित्रा घेतला. न्यायालयाने त्यावर नाराजी व्यक्त केली. याच सुमारास राज्याचे मंत्री नवाब मलिक म्हणाले होते की, लसीच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचे छायाचित्र असेल, तर ते मृत्यूच्या दाखल्यावरही असावे. काळा विनोद म्हणून हे वाक्य धारदार आहे, पण ते सत्तेतल्या एका पक्षाने दुसऱ्याला मारलेले आहे. राज्यातही दवाखाने होते आणि ते राज्य सरकारच्याच हातात होते.

लसीवर हसण्याची परंपरा जुनी आहे. जेन्नरने १७९६ मध्ये देवीची लस टोचली आणि १८०२ मध्ये लंडनच्या जेम्स गिलरेने असे व्यंगचित्र काढले की, लस टोचलेल्यांच्या अंगातून गाई फुटून बाहेर येत आहेत. डिसेंबर २०२० मध्ये बोल्सोनारो यांनी लस घेऊन तुम्ही मगर झालात तर जबाबदारी तुमची, अशा अर्थाचे उद्गार काढले, तेव्हा ते गिलरेचीच री ओढत होते. फरक इतकाच की, गिलरे चित्रकार होता, राष्ट्राध्यक्ष नव्हता. पण २०२१ मध्ये ब्राझीलच्या काही नागरिकांनी उत्तम उत्तर दिले. ते मगरीचा पोशाख घालूनच लस घ्यायला गेले. या विनोदात चुकीचे विधान आहे, त्याची थट्टा आहे आणि थट्टा करणाऱ्याने दंडही पुढे केला आहे. आमच्या मते महासाथीतला हा पहिल्या क्रमांकाचा विनोद.

आपल्या जिल्ह्यात लसीचा प्रश्न कोरड्या मार्गाने सोडवायचे ठरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिल्ह्यात पहिली मात्रा घेतलेल्यांचे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते, राज्याची सरासरी ७४ टक्के. तेव्हा जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला : किमान एक मात्रा घेतल्याचे प्रमाणपत्र असेल तरच पेट्रोल, गॅस आणि रेशन. लस आणि पेट्रोल यांच्या जोडीवर थट्टा होणे ओघानेच आले. पण पेट्रोलवर हसताना रेशनचा शब्द सगळ्यांनी सोडून दिला. पेट्रोल अडले तर माणूस चिडतो, रेशन अडले तर घर उपाशी राहते. आणि ज्यांच्यापर्यंत लस पोचलीच नाही, ते बहुतेक दुसऱ्या रांगेतले. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी, कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही, मात्र लोकांच्या आरोग्यासाठी प्रमाणात बसतील अशी बंधने सरकार घालू शकते, असा निवाडा दिला. आदेशाने टक्केवारी वाढली असेलही. संशय किती कमी झाला, हे पेट्रोलपंपावर मोजता येत नव्हते.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. आठवी ते बारावीच्या मुलांना घरच्या जुन्या मोबाइलमध्ये शिल्लक असलेला महासाथीतला एकेक विनोद वहीत उतरवून आणायला सांगावा. त्याखाली तीन ओळी लिहून घ्याव्यात : यात कोणते विधान गृहीत धरले आहे, ते तपासायचे कसे, आणि ज्याच्यावर हसलो तो त्या वेळी घरात होता की रस्त्यावर. गृहीत धरलेल्या विधानाची ओळ मुलांना जड जाते, तिच्यासाठी एक तास वेगळा ठेवावा.